केवलरामची पेट्रोलवाली

भिलाईत कुणाचा ट्रक नाल्यात उतरला, कुणाची ट्रॉली चिखलात रुतली, की बरीच वर्षं एकच नाव निघायचं: केवलराम लांजेवार. बाप गोंदियाकडचं खेडं सोडून पोलादाच्या प्लांटमध्ये लागला होता. पोराला काही प्लांट लाभला नाही. तेव्हा बापानं लष्कराच्या लिलावातून एक जुनी गाडी आणली आणि म्हणाला, "हे घे, याच्यावर पोट भर." पुढं दोघांपुरती केबिन, मागं उघडा हौदा, पुढच्या बंपरवर इंजिनच्या जोरावर लोखंडी दोर गुंडाळणारी विंच. पिकअपच ती, पण आजच्या पिकअपा तिच्यापुढं खेळण्यातल्या वाटाव्यात अशी.

गाडी पेट्रोलची होती. सगळ्या मालवाहू गाड्या डिझेलवर चालणाऱ्या गावात ही एकटी पेट्रोलवाली, म्हणून तिचं नावही तेच पडलं. सहा सिलिंडरचं इंजिन, आवाज शिवणयंत्रासारखा एकसुरी. डिझेलसारखा सुरुवातीचा दणका तिच्यात नव्हता. पण छोटा गेअर टाकला, चारही चाकांना जोर दिला, की ती मुंगीच्या पावलानं का होईना, ओढत राहायची, आणि झटका द्यायची नाही. अडकलेली गाडी झटक्यानं ओढली तर दोर तुटतो, नाहीतर चासी वाकते. ओढायचं असतं ते हळू आणि सारखं. हे तिला जमायचं.

तिला दोन खोडी होत्या. एक म्हणजे ती पेट्रोल पीत नसे, पेट्रोलनं आंघोळ करी. दुसरी उन्हाळ्यातली. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ओढायला थेंब उरायचा नाही, आणि गाडी उभ्या जागी मुकी व्हायची. मग पंपावर ओला फडका गुंडाळायचा आणि वाट बघायची. मे महिन्यात केबिनमध्ये पाण्याचा डबा आणि जुन्या लुगड्याचे फडके कायम असत.

पाच माणसांचं काम केवलराम एकटा ओढायचा. पूर्वी हाताखाली एक गडी होता, तो रायपूरच्या गोदामात लागला. त्यानंतर बायको रमा शेजारच्या सीटवर बसू लागली. सुरुवातीला फक्त डबा घेऊन, मग दोर सोडायला, मग क्लच धरायला. रस्त्यावर तिनं गाडी कधी चालवली नाही. पण विंच लावली की केवलराम खाली आणि रमा स्टिअरिंगमागं, हे ठरूनच गेलं. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. त्याची कंबर अशी धरलेली, की सकाळी खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळावं लागे. तिचे गुडघे क्लचनं गेले होते. फोन वाजला की दोघं एकमेकांकडं बघत. कुणीच आधी उठत नसे.

"अजी, आता पुरे करा," रमा म्हणायची. "किती दिवस लोकांच्या गाड्या ओढान? आपली गाडी कोन ओढंल?"

"हाव. एवढा उन्हाळा निघू दे."

असे कितीतरी उन्हाळे निघाले होते. या खेपेला मात्र त्यानं खरंच ठरवलं होतं. बालाघाटकडचा एक लाकूडवाला गाडी बघूनही गेला होता.

त्या दुपारी दोघं जेवून आडवे झाले होते. बाहेर ऊन असं, की कुत्रंसुद्धा नाली सोडत नव्हतं. फोन जवळच्या कुरुद गावातल्या देवानंदचा होता, त्याचा मुरमाचा धंदा. तो बोलत नव्हता, ओरडत होता. तलावाच्या पाळीवरून त्याचा ट्रॅक्टर घसरला, मुरमानं भरलेली ट्रॉली खाली कोलमडली, आणि चालवणारा रोशन तिच्याखाली अडकला.

"हायड्रा क्रेन नाई का बोलावली?"

"आली ना काका! पाळ अरुंद हाय, पोचट हाय. तो म्हणते, माही गाडी इथं चढली तं पाळीसकट त्याच्या अंगावर जाईन. जेसीबीवालाबी तेच म्हणते."

केवलरामनं कूस बदलली, हात टेकला आणि उठला. रमा तोवर पाण्याचा डबा भरत होती.

तलावावर अर्धं कुरुद जमलेलं. ती मोठी पिवळी क्रेन पाळीच्या तोंडाशी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याची चूक नव्हती. त्याच्या क्रेनच्या वजनात पेट्रोलवालीसारख्या चार गाड्या बसल्या असत्या. केवलराम पाळीवरून आधी पायी चालून आला. टाचेनं माती दाबून पाहिली. मग छोटा गेअर टाकून गाडी वर घेतली. चाकांच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती. रमानं डोळे मिटून घेतले होते.

खाली तलावात पाणी थोडं आणि चिखल फार. ट्रॉली कुशीवर पडलेली, तिच्या कडेखाली रोशनचा डावा पाय मांडीपर्यंत दाबलेला. तिशीचा गडी, पण तोंड लहान पोरासारखं झालं होतं. ट्रॉली आपल्या वजनानं चिखलात हळूहळू बसत होती, आणि चिखल त्याच्या छातीवरून गळ्याकडं सरकत होता. दोघं जण त्याचं डोकं वर धरून बसले होते.

केवलरामनं घाई केली नाही. गाडीचं मागचं टोक साखळीनं पाळीवरच्या पिंपळाला बांधलं, नाहीतर ट्रॉली वर यायच्या ऐवजी गाडीच खाली गेली असती. चाकांना दगड लावले. दोर खाली नेला, ट्रॉलीच्या चासीला कप्पी अडकवली, तिच्यातून दोर फिरवून परत गाडीच्या हुकात आणला. असं केलं की ओझं निम्म्या वेगानं येतं, पण ताकद दुप्पट मिळते. त्याला वेग नकोच होता.

"रमा, म्या हात वर केला तं क्लच सोडशीन, मूठ वळली तं दाबशीन. माह्याकडंच पाह. लोकाइकडं नोको पाहू."

"तुमी कुठी जाता?"

"खाली. त्याच्यापाशी."

रमानं क्लचवर पाय ठेवला.

केवलराम चिखलात रोशनशेजारी पालथा पडला. कंबरेतून कळ डोक्यापर्यंत गेली. त्यानं हात ट्रॉलीखाली घालून पाय कुठं दबलाय ते चाचपलं.

"काका, पाय जाणवून नाई राहिला."

"मंग बरं हाय. जाणवंल तवा बोंबलशीन." त्यानं हात वर केला.

दोर ताणला. पेट्रोलवालीचा तो एकसुरी आवाज थोडा खाली उतरला आणि ट्रॉलीची कड चिखलातून सुटली. एक बोट, दोन बोटं. केवलरामनं मूठ वळली, फटीत लाकडी ठोकळा सारला, परत हात वर केला. आणखी थोडी. परत ठोकळा. चिखलानं पायाला अशी मिठी मारली होती, की पाय सुटायला अजून हातभर तरी उचल हवी होती.

तेवढ्यात इंजिन खोकललं, आणि बंद पडलं.

पाळीवर किंचाळी उठली. "गेला! पोरगा गेला!" बायका रडू लागल्या. डोकं धरून बसलेल्यांपैकी एक जण उठून पळाला. ट्रॉली रोशनच्या पोटावर आता पडते की मग, अशी लटकलेली.

पण ट्रॉली पडली नाही. त्या विंचचे दाते असे होते, की इंजिन दोर ओढू शकत होतं, पण दोर विंचला उलटा फिरवू शकत नव्हता. जिथं सोडलं तिथं वजन अडून राहायचं. केवलरामला हे ठाऊक होतं. तरी तिथं, त्या वजनाखाली डोकं घालून पडलेला असताना, ठाऊक असण्याचा फार उपयोग नसतो.

रमाला वरून नवऱ्याचा फक्त पाठीचा भाग दिसत होता. ती खाली उतरली, बॉनेट उघडलं, फडके डब्यात बुडवले आणि पंपावर गुंडाळले. हात भाजले. देवानंद ओरडला, "काकू, सेल मारा ना! कावून थांबल्या?"

"आता मारून काई होत नाई. बॅटरी बसंल. तू चूप राय."

ती पाणी ओतत राहिली. सगळे तिच्यावर ओरडत होते आणि ती हळूहळू पाणी ओतत होती. केवलराम खाली रोशनचा हात धरून त्याला विचारत होता, घरी कोण कोण आहे, म्हैस किती दूध देते. रोशन दातावर दात आवळून उत्तरं देत होता.

पंप निवला तेव्हा रमानं सेल मारला. एकदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. तिनं क्लच इतका हळू सोडला, की दोर हलला हे कुणाला कळलंच नाही. ट्रॉली उठली, चिखलानं मोठा आवाज करून पाय सोडला, आणि दोघातिघांनी रोशनला ओढून बाहेर काढलं.

रोशन वाचला. डावं पाऊल मात्र कापावं लागलं.

केवलरामला चिखलातून चौघांनी उचलून आणलं. त्या दिवसानंतर त्याची कंबर पुरती सरळ झालीच नाही. महिनाभरानं रोशनची आई सुपात घरचे तांदूळ आणि वर एक कोहळं घेऊन आली. केवलराम मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

"अजी, भेटा ना तिले."

"तूच भेट. मले आता कोनाचं बोलनं ऐकाची ताकत नाई."

रमा भेटली. दोघी बायका ओसरीवर बसल्या. जाताना म्हातारी म्हणाली, "पाऊल तं गेलं, बाई." रमा म्हणाली, "हाव."

गाडी पावसाळ्याआधी बालाघाटला गेली. तिला न्यायला माणूस आला तेव्हा केवलरामनं चावी दिली, त्याला पाणी पाजलं, आणि फाटकापर्यंतही गेला नाही. रमा मात्र गाडी वळणाआड जाईस्तोवर उभी होती. मग आत येऊन तिनं भाताला आधण ठेवलं.

आता केवलराम सिव्हिक सेंटरच्या बाजारात पार्किंगवर बसतो, प्लास्टिकच्या खुर्चीत, कंबरेला पट्टा लावून. स्कूटरी नीट लावा म्हणतो. लोक ऐकत नाहीत, आणि त्यालाही त्याचं फार काही वाटत नाही. कुरुदचा कुणी भेटला की तलावाची गोष्ट निघतेच. सांगणारा हात हलवून सांगतो, केवलरामनं कसा एकट्यानं गडी काढला. तो सगळं ऐकून घेतो. शेवटी एवढंच म्हणतो, "म्या तं खाली पडलो होतो, बापा. गाडी बायकोच्या हातात होती."

मग तो पाण्याची बाटली तोंडाला लावतो आणि पुढच्या स्कूटरकडं बघतो.