भिंतीवरचं पाणी

फ्लॉरेन्समधल्या त्या चर्चचा विषय निघाला की मला आधी पारोळ्याकडची आखाजी आठवते. ऐकणाऱ्याला या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धुळ्याला शेतकीची पदवी घेऊन मी जळगावला फळबागायतदारांच्या एका संघात नोकरीला लागलो होतो. वडील वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार, आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेला. पदवी म्हणजे काय, हे आमच्या घराला माझ्यामुळेच कळलं. संघातले काही शेतकरी इटलीतल्या बागा आणि पाणी देण्याच्या पद्धती पाहायला जाणार होते. त्यांच्यासोबत इंग्रजी बोलणारा कुणीतरी हवा होता. माझं इंग्रजी सगळं पुस्तकातलं, पण साहेबांनी मलाच पाठवलं. त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

त्या शेतकऱ्यांत सगळ्यांत वडीलधारे होते नाना. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले, कपाशी आणि लिंबाची बाग असलेले. दौऱ्यासाठी म्हणून त्यांनी धोतर सोडून पायजमा शिवला होता, जळगावात लोकरीचा कोट घेतला होता. डोक्यावरची पांढरी टोपी मात्र विमानात झोपतानाही उतरली नव्हती. दौऱ्याआधीच्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली होती. गावात सगळे तिला अक्का म्हणत. नाना दौऱ्याला येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो, पण मुलानं आग्रह केला आणि ते आले.

दौरा खरं तर फाल्गुनात व्हायचा होता. व्हिसाच्या कागदांपायी तो पुढे गेला, आणि आखाजी नेमकी आमच्या फ्लॉरेन्सच्या मुक्कामात आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा दिवाळीच्या तोलाचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर आंबा नाहीतर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा घास विस्तवावर टाकतात. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर आपल्या माणसांना पाणी मिळावं, एवढाच त्याचा अर्थ. तोवर कितीतरी घरांत आंब्याला हात लावत नाहीत. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी असली, तर घरातलं कुणी बाहेरगावी राहत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी परदेशात तिथी लक्षात राहिली नव्हती. सकाळी हॉटेलात नाना चहासुद्धा घेईनात, तेव्हा पिंपळनेरकडचा एक शेतकरी त्यांची थट्टा करत होता. नानांना वरण-बट्टीची आठवण येतेय, पावावर रुसलेत, असं तो सगळ्यांना सांगत होता. नाना हसले, पण समोरच्या ग्लासातल्या पाण्यालाही त्यांनी हात लावला नाही. बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि खिडकीबाहेर पाहत आमच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, आज आखाजी शे."

मी म्हणालो, घरी मुलगा घागर भरेलच की.

"पोऱ्या भरी. मना हातनं पानी ऱ्हाई गयं ना."

मग त्यांनी थोडक्यात जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अक्कांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरांचं बरोबरच होतं, असं नाना दोनदा म्हणाले. अक्का नुसत्या त्यांच्याकडे पाहून पाणी मागत राहिल्या. नाना ओला कापूस ओठांना लावत राहिले. तशातच त्या गेल्या. तिच्या नावानं आपल्या हातानं पाणी सोडल्याशिवाय आज आपण पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी शिकलेला माणूस, मला लगेच उपाय सुचला. हॉटेलात परत गेलो की खोलीतल्या नळाचं पाणी घेऊ म्हटलं. नानांनी खिडकीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "संडासना नळनं पानी देऊ का तिले?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्या दिवशी दुपारपर्यंत शहर पाहायचं होतं. चौकात उतरल्यावर बाकीचे शेतकरी दुकानांकडे पांगले. पोरांसाठी घड्याळं, बायकांसाठी काचेच्या माळा, अशी ज्याची त्याची यादी होती. समोर पांढऱ्या-हिरव्या संगमरवराच्या दर्शनी भिंतीचं जुनं चर्च होतं. ते पाहायची इच्छा मला होती. शाळेत नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात युरोपातल्या प्रबोधनाच्या काळावर एक धडा होता, आणि त्यात अशाच एका भिंतीचं काळंकुट्ट, पुसट चित्र छापलेलं होतं. पत्र्याच्या वर्गात बसून मी त्या काळाची वैशिष्ट्यं पाठ केली होती, परीक्षेत गुणही मिळवले होते. त्या चित्राला रंग असतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

नाना माझ्याबरोबर निघाले. देवाचं ठिकाण आहे म्हणजे तिथे पाणी असणारच, असा त्यांचा हिशेब होता.

पायऱ्यांवर त्यांनी बूट काढले. ते पाहून मीही काढले. दारातल्या निळ्या कोटाच्या म्हाताऱ्या राखणदारानं हात हलवून आम्हाला थांबवलं, बुटांकडे बोट दाखवून ते घालायला लावले आणि नानांच्या टोपीकडे बोट दाखवून ती काढायला लावली. नाना क्षणभर घुटमळले. देवापुढे उघड्या डोक्यानं जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. मग टोपीची घडी घालून त्यांनी ती कोटाच्या खिशात ठेवली.

"बठ्ठं उलटं शे," सगळंच उलटं आहे, असं ते मला म्हणाले. "पायमा जोडा नी डोकं उघडं."

दारातून आत गेल्याबरोबर खांबाला लागून संगमरवराचं एक कुंड होतं आणि त्यात पाणी होतं. आमच्या पुढच्या बाईनं त्यात बोटांची टोकं बुडवली, कपाळाला आणि छातीला लावली. नानांचा चेहरा उजळला. ते सरळ ओंजळ करून पुढे झाले. मी त्यांचा दंड धरला. हे पाणी त्यांच्या धर्माचं, आपण कसं घ्यायचं, सांडलं तर काय म्हणतील, असं मी दबक्या आवाजात समजावू लागलो. तोवर राखणदार आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी खुणांनी विचारलं, नानांनी ओंजळ दाखवून ती खाली रिती करायची खूण केली. तो काय समजला कोण जाणे. हे पिण्याचं नाही, असं त्यानं हातवाऱ्यांनी सांगितलं. नानांनी मान डोलावली आणि ओंजळ सोडली. वाद घालणारा माणूस नव्हता तो.

आत दगडी गारवा होता. दुपारच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना काही दिसेना. मग एकेक खांब, उंच कमानी, भिंतींवरचे मोठमोठे अंधारे चौकोन दिसू लागले. जमिनीत मेलेल्या माणसांच्या कोरीव शिळा बसवलेल्या होत्या, आणि लोक त्यांवरून बिनदिक्कत चालत होते. नाना एकाही शिळेवर पाय देईनात. ते कडेकडेनं चालले, आणि त्यांच्यामागून मीही.

असे वळसे घेत आम्ही मुख्य वेदीच्या मागच्या भागात पोहोचलो. तिथल्या भिंती वरपर्यंत रंगवलेल्या होत्या, पण अंधारात नुसती डोकी आणि वस्त्रांच्या घड्या तेवढ्या कळत होत्या. कठड्याजवळ एक लोखंडी पेटी होती. एका परदेशी जोडप्यानं तिच्यात नाणं टाकलं. आतून खट्ट आवाज आला आणि सगळी भिंत उजळली.

पुस्तकातला तो काळा चौकोन माझ्यासमोर रंगांनी भरला. मी धड्यातली वैशिष्ट्यं आठवायचा प्रयत्न केला आणि मला एकही आठवलं नाही. चित्रात एक खोली होती. उंच पलंगावर एक बाळंतीण उशीला टेकून बसलेली. भरजरी कपड्यांतल्या बायका तिला भेटायला आलेल्या. खाली दाईच्या मांडीवर बाळ. आणि उजव्या बाजूला एक पोर, कामाला ठेवलेली असावी, बाळाच्या अंघोळीसाठी पितळेच्या परातीत पाणी ओतत होती. घाईनं आली होती, तिचा घागरा मागे उडाला होता. हातातल्या सुरईतून निघालेली पाण्याची धार परातीपर्यंत पोहोचलेली होती.

मी बाळंतिणीकडे पाहत होतो, कारण चित्र तिचं होतं. नाना त्या पोरीकडे पाहत होते.

पुन्हा खट्ट झालं आणि अंधार पडला. ते जोडपं निघून गेलं.

"लाईट गई?" नानांनी विचारलं. नाणं टाकलं की थोडा वेळच दिवा लागतो, हे पेटीचं गणित मी सांगितलं. त्यांना ते लगेच कळलं. विहिरीवरच्या मोटारीला आपोआप चालू होणारा ऑटो बसवतात तसं, म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नाणं मागितलं. माझ्या खिशात एक होतं. ते त्यांनी स्वतः पेटीत टाकलं.

भिंत उजळली. नाना कठड्यापाशी गेले. खिशातून टोपी काढून त्यांनी ती डोक्यावर घातली. राखणदार लांब होता. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि चित्रातल्या त्या धारेखाली यावी अशी, हात लांबवून, वर धरली. कठडा आणि भिंत यांच्यात पुष्कळ अंतर होतं. ओंजळ तशीच धरून ते थांबले, भरायला वेळ लागतो तेवढे. ओठ हलत होते. अक्कांचं खरं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग अंगठ्याच्या बाजूनं त्यांनी ओंजळ हळूहळू रिती करायला सुरुवात केली.

ती पुरती रिती व्हायच्या आत दिवा गेला.

सकाळपासून कोरड्या घशानं फिरणारा माणूस, आणि मधेच अंधार. मी घाईघाईनं दुसरं नाणं शोधू लागलो. एका खिशात नोटाच होत्या, दुसऱ्यात हॉटेलची किल्ली. राखणदाराकडून सुटे आणतो, असं म्हणून मी वळलो, तेव्हा नानांनी अंधारातच मला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. लाईट गई म्हनीसन पानी थोडंच थांबनं? पोर ओती ऱ्हायनी तठे."

त्यांचे हात पूर्ण खाली आले होते. टोपी काढून त्यांनी पुन्हा खिशात ठेवली आणि आम्ही आलो तसेच शिळा टाळत बाहेर आलो.

चौकाच्या कडेला, येताना आम्हाला न दिसलेला, एक नळ होता, सतत वाहणारा. नानांनी त्याखाली ओंजळ धरली आणि उसाच्या सरीत उभा राहून माणूस पितो तसं, हनुवटीवरून निथळत, ते पोटभर पाणी प्यायले. पिंपळनेरकर काचेची माळ घेऊन आला होता. नानांचा रुसवा गेला वाटतं, म्हणाला. नानांनी त्याच्याजवळचा पाव मागून घेतला.

निघण्यापूर्वी चर्चच्या दारातल्या दुकानातून मी त्या चित्राचं कार्ड घेतलं. बसमध्ये पाहिलं तर त्यात बाळंतीण होती, भेटायला आलेल्या बायका होत्या, पण कार्ड जिथे कापलं होतं तिथे ती पोर आलीच नव्हती. मी ते नानांना दाखवलं नाही. आजही ते माझ्याकडे आहे.

पुढच्या आखाजीला त्यांनी मला घरी बोलावलं. लेक माहेरी आलेली होती, ओसरीसमोरच्या कडुनिंबाला झोका होता. देवघरापुढे नवी घागर मांडलेली. मुलगा तांब्या घेऊन पुढे झाला, पण नानांनी तो आपल्याकडे घेतला. घागरीच्या तोंडाशी न नेता त्यांनी तो हातभर उंच धरला आणि तिथून पाणी सोडलं. धार सरळ पडत होती, थोडं पाणी बाहेर उडत होतं.

"नाना, बठ्ठं सांडी ऱ्हायनं," लेक म्हणाली.

"सांडू दे," नाना म्हणाले. धार मधेच तुटू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं तांब्याला आधार दिला, आणि घागर काठोकाठ भरेपर्यंत ते ओतत राहिले.