कापून घेतलेली माफी

माफी मागायची नाही, हे मी तुरुंगात पाऊल टाकण्याआधीच ठरवलं होतं. मोहफुलांची टोपली डोक्यावर वाहता वाहता मी भामरागडकडच्या गावांतून चारोळी-हिरडा घेणारा व्यापारी झालो होतो. बल्लारपूरच्या खरेदीदाराचा काटा खोटा होता. मी तो त्याच्या तोंडावर दाखवला. तो हसला, आणि मी हातातलं लोखंडी वजन हाणलं. त्याचा हात कायमचा अधू झाला. मला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. काट्याचं कोर्टात कोणी विचारलंही नाही.

पहिल्याच वर्षी पाण्याच्या रांगेत एकाचं थोबाड फोडलं. मला जेलच्या साहेबांसमोर उभं केलं.

"तुझी पंधरा दिवसांची माफी कापतो."

"कापा! मागितली कोणी?"

"महिन्याची कापू?"

"कापा ना, भेता काय?"

त्यांनी महिना लिहिला. मी छाती काढून बराकीत परतलो. शेजारी भद्रावतीचा एक म्हातारा कैदी होता. ऐकून त्याला हसता हसता खोकला लागला.

"काऊन हासून राह्यले, भाऊ?"

"अबे, तू त मोठा व्यापारी होता म्हणे! हे पाया पडाची माफी नोहोय. काम केल्याचे, नीट वागल्याचे दिवस जमा होतेत, तेवढी शिक्षा कमी होते. तू साहेबाशी भाव करून महिनाभर जास्तीची जेल घेऊन आला."

जन्मभर मी भाव पाडत आलो. तेवढा एकदाच चढवला, तोही स्वतःच्या विरुद्ध.

बाप दमेकरी. दोन गाड्या बदलून भेटीला यायचा आणि जाळीपलीकडून एकच विचारायचा, "कधी सुटशीन?" साहेबांनी आधी सांगितलेली तारीख मी त्याला दिली होती. कापलेला महिना सांगायला जीभ रेटली नाही. पुढे दम वाढला, त्याचं येणं थांबलं. मी मात्र हातमागावर मान खाली घालून बसलो. एकजण माझ्या ताटात थुंकला, तरी उठलो नाही. एकही दिवस पुन्हा कापू दिला नाही. तो महिना परत द्या म्हणून अर्जही केला. साहेब म्हणाले, "तूच वाढवून घेतला होतास." खोटं नव्हतं.

मी सांगितलेल्या तारखेला बाप धुतलेलं धोतर नेसून फाट्यावर जाऊन बसला. शेवटची गाडी गेल्यावर घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. असा तो अकरा दिवस गेला. बाराव्या दिवशी उठलाच नाही. निरोप मला पोचला तोवर माती होऊन गेली होती.

काटा खोटाच होता. आजही कुठेही, कोणासमोरही सांगेन. पण बहिणीने फाट्यावरचं सांगितलं तेव्हा भांडायला समोर कोणीच नव्हतं. ती म्हणाली, बाप रोज परत आला की चुलीजवळ बसून तेच बोले, "गाडी चुकली असन त्याची."