मास्त्रो लिबोरियोची तीन दुकानं

अख्खं गाव पाठीमागे उभं आहे, डोक्यावर नवी हॅट आहे, आणि एक परका साहेब मोठ्यानं विचारतोय, “काम आहे का तुला?” नसलं तर ‘नाही’ म्हणाल तुम्ही? छातीवर हात ठेवून सांगा. म्हणणार असाल तर मास्त्रो लिबोरियोला खुशाल हसा. नसाल तर जरा दमानं घ्या.

लिबोरियो कुझिमानो हा माझ्या थोरल्या बहिणीचा, नुन्झाचा, नवरा. साम्बुका गावचा न्हावी. आमच्या सिसिलीत हातात कसब असलेल्याला मास्त्रो म्हणतात, आणि एकदा मास्त्रो झालेला माणूस मरेपर्यंत खाली उतरत नाही. पहाटे चौकात बिनकामाचे मजूर उभे असतात. मुकादम येतो, दंड दाबून बघतो, हवे ते घेऊन जातो. मास्त्रो त्या रांगेत उभा राहायचा नाही. उपाशी मरेल, पण दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसेल. दाजींना असं बसलेलं मी किती वेळा पाहिलंय. गिऱ्हाईकाचा पत्ता नाही, आणि वस्तरा मात्र चामड्यावर सपासप चाललाय, जणू आत बिशपसाहेब तोंडाला फेस लावून वाट बघतायत.

मग वेलींवर रोग पडला, द्राक्षं गेली, आणि गावानं दाढ्या वाढवल्या. नुन्झा माझ्याकडे न्यूयॉर्कला आली, विजारी शिवायला लागली आणि नवऱ्यासाठी तिकीट धाडलं. तिकिटाबरोबर मी निरोप धाडला. तो का, ते समजून घ्या. परदेशातून मजूर आधीच ठरवून आणायचे आणि त्यांच्याकडून इथला संप मोडून घ्यायचा, हा मालकांचा धंदा होता. तो बंद करायला कायदा झाला. कुणी फुकट नाही दिला. आम्ही युनियनवाल्यांनी रस्त्यावर घसे फोडून घेतला. म्हणून धक्क्यावर साहेब विचारतो, “काम ठरवून आलायस?” हो म्हणालात की आल्या बोटीनं परत. माझा निरोप एवढाच होता: दाजी, नाही म्हणा.

आता झालं असं की त्या बोटीतून निम्मं साम्बुका उतरलं. रांगेत दाजींच्या मागेच कालोजेरो, ज्याला चौकात दंड दाबून घेतानाच सगळ्यांनी पाहिलेलं. साहेबानं विचारलं, दुभाष्यानं सांगितलं. दाजींनी एकदा मागे पाहिलं, हॅट सरळ केली आणि म्हणाले, “एक काम? तीन दुकानं वाट बघतायत माझी!”

“आमचे मास्त्रो आहेत ते!” कालोजेरो मागून ओरडला. छाती याचीच फुगलेली.

तेवढ्यावर थांबावं ना? नाही. “तिन्ही मालक भांडतायत,” दाजी म्हणाले, “मलाच ठरवायचंय कुणाचं मन मोडायचं.”

साहेबानं त्यांना बाजूला काढलं आणि कठड्याच्या आत बसवलं. बोट माल चढवून परत निघाली की हेही तिच्यातून परत.

मी आणि नुन्झा धावतच पोचलो. गावकरी सगळे सुटले होते, पण मास्त्रोंना सोडून जायचं कसं म्हणून बोचकी घेऊन बाकांवर बसलेले. मी सरळ साहेबाच्या टेबलापाशी गेलो. शाळेत गेलो नसेन, पण त्या कायद्याचं कलम न् कलम मला पाठ आहे. मी टेबलावर हात आपटला. “हा कायदा आम्ही आणलाय! गरिबाला अडवायला नाही आणला!”

साहेब थंडपणे म्हणाला, “मग आम्ही तो पाळतोय याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा.”

यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शिपायानं मला दंडाला धरून कठड्याबाहेर काढलं, आणि पुढचं सगळं मला तिथूनच पाहावं लागलं.

साहेबानं दाजींना विचारलं, “त्या तीन मालकांची नावं?”

दाजी छताकडे बघायला लागले.

“अहो, सांगा ना त्यांना!” नुन्झा कडाडली. “कुणी मालक नाही, दुकान नाही, काही नाही!”

“हळू बोल. माणसं ऐकतायत.”

“ऐकू देत! ऐकायलाच बसलीत ती. नाही म्हणा!”

“चारचौघांत?”

“इथं नाही तर काय साम्बुकाला परत जाऊन सांगणार? तिथं तर आता चौघंसुद्धा उरली नाहीत ऐकायला!”

दाजींनी घाम पुसला. दुभाष्याला जवळ बोलावलं. “कानात सांगितलं तर चालेल?” दुभाष्या उत्तरेकडचा, जिनोआचा, त्याला आमच्या मानापमानाचं काय? त्यानं कान पुढे केला. दाजी कुजबुजले. आणि तो गाढव अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, “म्हणतो, काम नाही! एकही दुकान नाही! सगळं खोटं होतं!”

दाजींनी हॅट काढून मांडीवर ठेवली. केस विरळ झालेले मला तेव्हा दिसले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

बाकावरून कालोजेरो उठला. “मलापण नाही, मास्त्रो,” तो म्हणाला. “चुलतभावाचा रेल्वेत हात आहे म्हणून गावभर सांगितलं मी. मला चुलतभावच नाही.”

“आमचंही तसंच, मास्त्रो,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग अख्खा बाक हसायला लागला.

दाजींनी हॅट पुन्हा डोक्यावर चढवली. तेवढ्यात साहेबानं पुढचा प्रश्न टाकला, कारण उपाशी मरणाराही त्यांना नकोच असतो. “काम नाही, मग खाणार काय?”

“खाणार काय?” दाजी ताठ झाले. “अहो, माझ्यासाठी तीन दुका–”

नुन्झानं कठड्यावरून वाकून त्यांच्या तोंडावर हात दाबला. “माझं खाईल!” ती साहेबाला म्हणाली. “विजारी शिवते मी. याला पोसेन, याच्या हॅटलाही पोसेन. सोडा आता!”

तोंड दाबलेले दाजी हातवारे करत होते. दुभाष्यानं विचारलं, “हे काय म्हणतायत?”

“हो म्हणतायत,” नुन्झा म्हणाली.

साहेबानं शिक्का मारला.

आता दाजींचं एलिझाबेथ स्ट्रीटवर दुकान आहे. एकच, आणि खुर्चीही एकच. आमच्या युनियनचे ते सभासद आहेत. न्हाव्यांनी रविवारी दुकान बंद ठेवायचं असा ठराव झाला तेव्हा सगळ्यात उंच हात त्यांचाच होता. पण रविवारी चर्च सुटलं की कुणीतरी दारावर टकटक करतो, “मास्त्रो, आहे का वेळ?” आणि बाहेर चार माणसं बघत असली की त्यांच्या तोंडून अजूनही ‘नाही’ निघत नाही. वरच्या खोलीत नुन्झा जेवायची थांबते आणि मॅकरोनी निवून जाते. मी जाऊन भांडतो, तर माझ्याच गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतात.

त्यांना सांगून झालं, आता तुम्हाला सांगतो. रविवारी दाढी वाढली तर वाढू द्या. त्यांच्या दारावर टकटक करू नका. सोमवारी या.