निर्णय आपल्या स्तरावर घ्यावा

नगरपरिषदेच्या कचेरीत त्यांना सगळे सादरबाई म्हणत. कुणीही अर्ज घेऊन आलं, की चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणायच्या, "वरिष्ठांकडे सादर करते." तेवीस वर्षं त्यांनी गावाची गाऱ्हाणी अशी वर धाडली. उत्तर आलं तर आलं, नाहीतर अर्जदाराचं नशीब.

मग एक दिवस सरकारचा आदेश आला. दवाखाना, पाणी, शाळांची डागडुजी, सगळं यापुढे नगरपरिषदेनेच बघायचं, निधीही थेट तिच्याकडेच येणार. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. इंजिनिअरची जागा चार वर्षं रिकामी होती आणि हिशेबनीस आठवड्यातून दोनच दिवस उगवायचा.

"बाई, उद्या चौकशी लागली तर?" ते म्हणाले. "आधी वर विचारून घेऊ."

सादरबाईंनी पत्र लिहिलं. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, 'निर्णय आपल्या स्तरावर घ्यावा.'

जेवताना त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं पोस्टमनकी केलीस. आता पत्र तुझ्याच नावाचं आलंय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स आपला आठवा अर्ज घेऊन आली. बाळंतपणाच्या खोलीत नळ नव्हता. ती आणि आया अंगणातून बादल्या वाहत.

"वरिष्ठांकडे..." सादरबाई सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी पर्स उचलली. "चला, दाखवा."

नियमांचं पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच पान न् पान वाचलं. छतावर ठेवायच्या पाण्याच्या टाकीसाठी तीन दुकानांचे दर मागवले, टेप धरून खोली स्वतः मोजली, अध्यक्षांची सही घेतली. टाकी आली. गवंडी छतावर चढला, दोन जागी ठोकून पाहून खाली उतरला.

"बाई, हे छत एवढं वजन नाही पेलणार."

टाकी महिनाभर अंगणात आडवी पडली. उंटावरून शेळ्या हाकणारे परवडले, असं लोक बोलू लागले. सभेत एका सदस्याने विचारलं, "चूक कुणाची?"

सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. वरच्यांकडे बोट दाखवायची सोय आता उरली नव्हती.

"माझी," सादरबाई म्हणाल्या. "छताचं मी कुणाला विचारलंच नाही. पण विचारायला आपल्याकडे माणूस तरी कुठे आहे?"

अध्यक्षांनी पेन उघडलं. "टाकीला जमिनीवर चौथरा बांधू. आणि इंजिनिअरच्या जागेची जाहिरात उद्याच काढा. मी सही करतो."

दोन महिन्यांनी खोलीत नळ सुरू झाला. चौथरा बुटका, म्हणून धार करंगळीएवढी. नर्सने ते तिथल्या तिथे ऐकवलं.

"हे कधी सुधारेल?"

या प्रश्नाला तेवीस वर्षांत सादरबाईंकडे कधी तारीख नव्हती.

"सोमवारी इंजिनिअर रुजू होतोय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी त्याला घेऊन येते."