व्हर्ना हुडाकचा ढोल

व्हर्ना हुडाकने जन्मभर यंग्जटाउनमध्ये शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर जुंपलेली मारामारी ती मान न वळवता, नुसत्या एका हाकेने मिटवायची. निवृत्त झाल्यावर एवढा आवाज घरात ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. नवरा एड तर ऐकू न आल्याचं सोंग करण्यात पटाईत. मग तिने तो आवाज माहोनिंग युनायटेडला देऊन टाकला, आणि वर एक ढोलही गळ्यात अडकवून घेतला.

माहोनिंग युनायटेड हा सॉकरचा चौथ्या दर्जाचा क्लब. अमेरिकेत कितीही हरलात तरी कुणी खालच्या दर्जात ढकलत नाही, आणि कितीही जिंकलात तरी वर घेत नाही. निष्ठा दाखवायची हौस असेल तर याहून चोख जागा नाही. मैदान हायस्कूलचं, उसनं. त्यावर अंडाकृती चेंडूच्या खेळाचे पांढरे पट्टे पक्के आखलेले आणि त्यांच्यावरून आपल्या पिवळ्या रेघा. नवीन पंच आला की पहिला काही वेळ चेंडूऐवजी पायाखालीच बघत पळतो.

गोलच्या मागच्या लोखंडी पायऱ्यांवर ‘भट्टीवाले’ उभे राहतात. गावातल्या पोलादाच्या भट्ट्या कधीच विझल्या, पण आरडाओरड करायला नाव बरं म्हणून यांनी ते उचललं. पाऊस असो, चार गोलांनी हार दिसत असो, शेवटच्या शिट्टीपर्यंत ढोल थांबवायचा नाही हा यांचा नियम. थांबायचा तो फक्त एका वेळी. पाहुण्यांचा गोलकीपर गोलकिक मारायला चेंडू ठेवतो, तेव्हा व्हर्नाचा ढोल हळूहळू चढत जातो, कीपर पळायला लागला की ढोल एकदम गप्प होतो, आणि त्या शांततेत व्हर्ना त्याच्या खाजगी आयुष्यातलं काहीतरी त्याच्या कानावर घालते. कुत्र्याचं नाव, नापास झालेला विषय, सोडून गेलेली मैत्रीण. हा माल शोधायचं काम रोको डिसाल्व्होचं. रोको धंद्याने न्हावी, त्यामुळे लोकांच्या भानगडी काढायचा हात बसलेला. डेटनच्या एका गोलकीपरला तर व्हर्नाने त्याची आजी त्याला लाडाने हाक मारायची ते नाव ऐकवलं. पोरगा इतका हसला की चेंडू थेट बाहेर.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सँडस्की हार्बरचा संघ आला. जिंकलं तर क्लबच्या जन्मात पहिल्यांदा बाद फेरीचा सामना, तोही आपल्याच मैदानावर. बरोबरी किंवा हार म्हणजे हंगाम संपला, ढोल माळ्यावर. आणि सँडस्कीच्या गोलपाशी होता नोलन ब्रॅकेट.

या लीगमध्ये उन्हाळ्यापुरती कॉलेजची पोरं खेळतात. पगार नाही, म्हणून क्लबचे चाहतेच त्यांना घरी ठेवून घेतात. मागच्या उन्हाळ्यात नोलन व्हर्नाच्या तळघरात राहायला होता. यंदा सँडस्कीने पहिल्या अकरात जागा देतो म्हटल्यावर तो तिकडे गेला. व्हर्नाने त्याला शुभेच्छा दिल्या आणि त्याचा आवडता कप कपाटात मागे ढकलून दिला.

सामन्याआधी गाड्या लावायच्या जागेत ती शेगडीवर पिरोगी परतत होती. बटाटा-चीजचं सारण भरलेल्या त्या करंज्यांचा कांद्यासकट वास सुटला होता. रोको भोंगा काखेत मारून आला.

“व्हर्ना, आज मी काही शोधलेलं नाही. आज तूच खाण आहेस.”

“कांदा घे.”

“कांदा राहू दे. पोरगा अख्खा उन्हाळा तुझ्या घरी जेवला. काहीतरी तर असेल! घोरतो? अंथरूण ओलं करतो?”

“घोरतो एड. ओरडू का?”

“अगं, बाद फेरी आहे समोर! एवढी वर्षं कशासाठी घसा फोडला?”

व्हर्नाला माहीत होतं. एकदा सामना हरून आल्यावर नोलन स्वयंपाकघरात बसला होता, ताटातल्या पिरोगीला काट्याने नुसता टोचत, आणि टोचता टोचता त्याने सगळं सांगून टाकलं. शाळेत असताना त्याने पूर्वार्धातच तीन गोल खाल्ले, आणि त्याचे वडील मध्यंतरातच उठून गेले. त्यानंतर ते त्याच्या एकाही सामन्याला आले नव्हते. तरी हा वेडा प्रत्येक सामन्याआधी पायऱ्यांवर नजर फिरवतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “बाप आला का रे?” एवढं एका गोलकिकला विचारलं असतं, तर पोरगा जागीच विरघळला असता.

“माझ्या टेबलावर बोललेलं माझ्या टेबलावरच राहतं,” ती म्हणाली. “जिंकायचं तर आहेच. पण ढोल बडवून.”

“ढोलाने गोल होत असते तर आपण जगज्जेते असतो, बाई!”

संघ मैदानात आले. नोलनने हातमोजे चढवले आणि मान वर केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्हर्नाने नजर ढोलावर वळवली आणि असा दणका दिला की पुढच्या पायरीवरच्या माणसाच्या हातातली बिअर सांडली.

पहिली गोलकिक. ढोल चढला, चढला, थांबला. सगळे भट्टीवाले व्हर्नाच्या तोंडाकडे बघत राहिले. नोलनचे खांदे कानापर्यंत वर गेले. व्हर्नाने ओठ घट्ट मिटले. चेंडू गेला. ढोल पुन्हा सुरू.

“घसा बसला का?” रोको भोंग्यातूनच ओरडला.

“तुझा बसव.”

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही तेच. मध्यंतरात दोघंतिघं येऊन रागावून गेले, एक जण तर म्हणाला की सँडस्कीने हिला विकत घेतलंय. व्हर्नाने त्याच्या हातात पिरोगी ठेवली आणि ढोलाची दोरी आवळली. उत्तरार्धात बाजू बदलल्या की नोलन समोरच्या टोकाला जाणार होता. तीही निघाली. मागोमाग अख्खी भट्टी कुरकुरत कुंपणाच्या कडेने समोरच्या गोलमागे गेली.

नोलन त्या दिवशी झकास खेळत होता. आपल्या आघाडीच्या टोबायसचे दोन फटके त्याने बोटांच्या टोकांनी उडवले. पण गोलकिक आली की त्याचं काहीतरी बिनसायचं. पळण्याआधी तो किंचित थांबायचा, जणू मागून कुणी पाणी फेकणार आहे. सामना संपत आला, अजून शून्य-शून्य. व्हर्नाचे तळहात सोलले होते. गोलकिक. ढोल चढला, थांबला. नोलन पळाला आणि पळता पळता त्याने मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं.

बूट चेंडूच्या डोक्यावरून घसरला. चेंडू जेमतेम पेनल्टी बॉक्सबाहेर घरंगळत गेला, टोबायसच्या पायात. पुढचं त्यालाही नीटसं आठवत नाही, पण जाळी हलली.

उरलेली मिनिटं व्हर्नाने कुणाकडे न बघता ढोल बडवला. शिट्टी झाली तेव्हा एका बाजूचं कातडं फाटलेलं निघालं.

नोलन हातमोजे काढत कुंपणापाशी आला.

“मिसेस एच, तुम्ही बोललात का नाही? अख्खी मॅच मी वाट बघत होतो. आता बोलतील, आता बोलतील.”

“मी बोलेन असं वाटलं तुला?”

“तुम्हाला जिंकायचं होतं ना.”

“होतंच. पण गाढवा, दुसऱ्यांदाच कळायला नको का, म्हातारी बोलणार नाही म्हणून?” तिने कुंपणावरून डबा पुढे केला. “पिरोगी गार झाल्यात. बसमध्ये खा. आणि कप तुझा अजून घरीच आहे.”

तो गेल्यावर रोको नाचत आला. “न बोलायचा डाव! मला आधी सांगायचंस की! पुढच्या शनिवारीही हाच डाव टाकू!”

“डाव नव्हता तो,” फाटकं कातडं बोटाने चाचपत व्हर्ना म्हणाली. “आणि पुढच्या शनिवारचा गोलकीपर काही माझ्याकडे जेवलेला नाही. जा, त्याच्या कुत्र्याचं नाव शोध. मी ढोल मढवून आणते.”