सेगुंदो मास्तरांचा क्षण

उंच डोंगरातल्या कीतो शहरात, एल एहिदो बागेत रविवारचा व्हॉलीबॉल तिघा-तिघांचा असतो. जाळी उंच, चेंडू फुटबॉलचा, आणि चेंडू तळहातावर क्षणभर टेकला तरी चालतो. क्षण म्हणजे किती, हे कुणी ठरवलेलं नाही.

सेगुंदो ग्वाचामीन यांचा क्षण दरवर्षी थोडा वाढत गेला. ते शिंपी, सत्तरीला टेकलेले. चेंडू उचलून देण्याची जागा निम्म्या आयुष्यापासून त्यांची. गुडघे गेल्यापासून ते चेंडू हातात घेतात, जरा विचार करतात, मग देतात. डोंगरातली माणसं तोंडावर बोलत नाहीत. पंच त्या वेळी आभाळाकडे बघतो.

त्या रविवारी पंच आजारी पडला. मास्तरांनी जावयाला पुढे केलं. विल्मेर समुद्रकाठच्या ग्वायाकिलचा, आदल्याच दिवशी आलेला. इथल्या विरळ हवेत खेळला असता तर आडवा झाला असता. शिवाय शिट्टी घरच्याच माणसाकडे राहील, असा मास्तरांचा हिशेब.

पहिल्याच चेंडूला शिट्टी वाजली.

"धरला," विल्मेर म्हणाला.

"जावईबापू, दम जपून वापरा. इथं हवा कमी आहे."

"हवा कमी आहे, पण डोळे ठीक आहेत, मामा. चेंडूचं माप घेत होता की काय?"

बाकावरचे म्हातारे खोकले. हसू दाबायची इथली तीच रीत. तिसऱ्या शिट्टीनंतर मास्तरांना उमगलं, इतकी वर्षं सगळ्यांना दिसत होतं.

"मास्तर," बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पुढच्या रविवारपासून शिट्टी तुम्हीच घ्या ना. दगदग नाही."

शिट्टी मिळाली की माणूस खेळातून उठला, हे बागेत सगळ्यांना ठाऊक. मास्तरांनी बाह्या सारल्या आणि पुढचा चेंडू न धरता दिला. तो झाडात गेला. त्याच्या पुढचा भाजक्या केळ्यांच्या गाडीवर.

चेंडू मारणारा ओस्वाल्दो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मी काय फांदीला मारू? धरा हो मास्तर."

तेवढ्यात पलीकडचा लिसार्दो जाळीखालून आला. त्याची बाजू जिंकत होती, तरी चेहरा उतरलेला. चेंडू द्यायचं काम तिकडे त्याच्याकडे होतं, आणि वय पासष्ट.

"जावईबापू, पांढरे पडलात की तुम्ही," म्हणत त्याने शिट्टी काढून घेतली. "गरम काही खा."

"मला काही झालेलं नाही."

"होतंय. नवख्याला उशिरा कळतं."

शिट्टी जाळीच्या खांबाला टांगली गेली. विल्मेरला बाकावर बसवून हातात उकडलेल्या मक्याची वाटी दिली. खेळ सुरू झाला. चेंडू मास्तरांच्या हातात आला आणि थांबला.

विल्मेर काहीतरी म्हणाला, पण तोंडात मका होता.