बंद खोलीतला आवाज आणि पुढच्या दालनातला माइक

भूतखेत, करणी, झपाटणं... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जण मला घराची शांती करून घ्यायला सांगतील आणि काही जण डॉक्टरकडे जायला. दोन्ही सल्ले मला मिळून चुकले आहेत. माझी मराठी जुनाट वाटली तर हसू नका. आम्ही तंजावरकडचे मराठे, आमची भाषा कावेरीकाठी राहिली आणि तिथलीच झाली.

गोष्ट कुंभकोणमची, पन्नासच्या दशकाच्या अखेरची. मी लग्न होऊन मेलकावेरीच्या घरी आले होते. घर लांबलचक... रस्त्याला लागून ओट्यासारखी तिण्णै, मग पुढचं दालन, मध्ये उघडं अंगण, त्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे, अंगणातूनच दार असलेली, भाताची पोती ठेवायची खोली. दालन आणि ती खोली यांच्यामध्ये अख्खं अंगण आणि दोन जाड दारं. हे नीट लक्षात ठेवा.

माझे यजमान रेल्वेत नोकरीला. तिथल्या एका अँग्लो-इंडियन सोबत्याकडून ते हवाईयन गिटार शिकले होते. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी तुकडा सरकवत वाजवायची ती. मी गात असे. एकदा मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या माणसानं यांचं वादन ऐकलं आणि म्हणाला, सोबत बाईचा आवाज असेल तर दोन गाणी टेपवर पाठवा, आवडली तर बोलावून घेऊ.

घरात वादळ झालं. थोरले मामंजी, म्हणजे माझे चुलतसासरे, घरातले कर्ते. त्यांचं म्हणणं, सुनेचा आवाज बाजारात जाणार नाही. यांनी खूप विनवण्या केल्या तेव्हा ते इतकंच कबूल झाले की जे काय करायचं ते याच घरात, दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊन नाही. सासूबाई, ज्यांना आम्ही मामी म्हणायचो, त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या कधीच फारसं बोलत नसत.

पापनाशमला यांचा एक मित्र होता. त्याच्या भावानं मलायाहून टेपरेकॉर्डर आणला होता. मित्रानं तो काही दिवसांसाठी दिला, पण घरच्या लग्नाला परत हवा म्हणून बजावलं. सूटकेसएवढं जड यंत्र, दोन चकत्या, आणि समोर एक छोटा हिरवा दिवा, ज्याला हे 'डोळा' म्हणायचे. आवाज चांगला पोचला की तो डोळा मिटत येई, कमी पोचला की सताड उघडा राही.

आमच्या मागच्या गल्लीत पितळी भांडी घडवणारे होते. दिवसभर ठोकाठोक चाले. ते दुपारी जेवायला गेले की आम्ही रेकॉर्डिंगला बसायचो.

पहिल्या दिवशी टेप ऐकली... गिटार खणखणीत, आणि माझा आवाज नदीच्या पलीकडून यावा तसा. आम्ही हसलो. हे म्हणाले, माइकच्या जवळ ये. मी इतकी जवळ गेले की जाळीला ओठ लागायचे. आवाज आणखी लहान झाला! मग लांब उभी राहिले, बाजूला राहिले, माइक खाली ठेवला, वर टांगला, भिंतींवर घोंगड्या लावल्या. फरक शून्य. व्हॉल्यूमचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर गिटारचा आवाज फाटला, घरघर वाढली, आणि मी तिथंच... पलीकडच्या तीरावर.

हे हात टेकणाऱ्यांतले नव्हते. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडे, पण दुपारी ते ठीक असे, म्हणून ती शंका गेली. यांनी दुसऱ्या भिंतीतल्या प्लगवर यंत्र लावलं, वायरीचं कथलाचा डाख लावलेलं टोक उकलून पुन्हा डाख दिला, टेप जिथून सरकते तो भाग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. माइकमध्ये स्फटिक असतो, तो दमट हवेनं बिघडतो असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून माइक एक रात्र तांदळाच्या डब्यात ठेवला. सकाळी हे त्यात बोलले तर आवाज भरभरून आला. माझ्या नणंदेनं एक ओवी म्हटली, तीही छान आली. स्वयंपाकघरातून मामी खोकल्या, तो खोकलासुद्धा स्पष्ट!

मी गायले. डोळा सताड उघडा.

आता कुणी हसलं नाही. माझं बोलणंही टेपवर नीट येत होतं, फक्त गाणं नाही. थोरले मामंजी दालनाच्या दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ह्या घराला हें रुचत नाहीं. मी सांगून तुम्हीं ऐकलें नाहीं, आतां घर सांगतें आहे."

यांचा चेहरा उतरला. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी मनातून माघार घेतली होती. मला मात्र भीती वाटायच्या ऐवजी संताप आला. माणसांनी नाही म्हटलं, ते मी सोसलं होतं. आता विटाचुन्यानंही मला गप्प करायचं? मी म्हणाले, "घराला रुचत नसेल तर घरानं कान झांकावेत. मी गाणारच." सून असून हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. मी तिथून तरातरा निघाले, अंगण ओलांडलं, भाताच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

आत अंधुक उजेड, पोत्यांचा वास, गरम हवा. कुणासाठी नाही, निव्वळ रागानं मी आमचं पहिलं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पूर्ण आवाजात. मग डोळे पुसून बाहेर आले.

हे दालनात यंत्रापुढे बसले होते. मी गेल्यावर यांनी दार ओढून घेतलं होतं आणि डाख तपासायला म्हणून तेच गाणं एकट्या गिटारवर वाजवून टेप केलं होतं. मला पाहून म्हणाले, इथं बस. आवाज विचित्र होता त्यांचा. टेप सुरू केली.

गिटार होती. आणि मी होते. कानाशी तोंड आणून गावं इतकी जवळ. माझा श्वास ऐकू येत होता, मध्ये रडू गिळलं तेही. आणि गिटारच्या तालात, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मला यांची गिटार ऐकू आली नव्हती. यांना मी ऐकू आले नव्हते.

यांनी लगेच पुन्हा करून पाहिलं. मला मागे पाठवलं, दोन्ही दारं लावली, गिटार बाजूला ठेवून नुसते यंत्रापुढे बसले. मी परत आले तेव्हा यांच्या कपाळावर घाम होता. दालनात काही ऐकू येत नव्हतं म्हणाले, पण डोळा मिटत होता, उघडत होता... गाण्यासारखा.

हे तर यंत्र परत करायला निघाले. खरंच, वायरी गुंडाळायला लागले होते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आवाज हवा होता ना? आला आहे. कुठून येतो ते नंतर बघू.

अडचण एवढीच होती की दोघांनी एकदम सुरुवात कशी करायची. तेव्हा मामी उठल्या. अंगणाच्या मधोमध दोन्ही दारं दिसतात. त्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी हात वर करतें, खालीं आणला कीं सुरू करा, मग दारें मी लावतें. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या वेळी थोरले मामंजी आले आणि माझ्या दाराकडे वळले. हे मला नंतर नणंदेनं सांगितलं. मामी त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. पदर सावरून, मान खाली घालून, पण जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी नवी आलें तेव्हां ह्याच खोलींत गात होतें, दार लावून. कोण्ही ऐकलें नाहीं. हिचें ऐकूं येतें आहे, तर येऊं द्या."

थोरले मामंजी परत फिरले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

टेप मद्रासला गेली. त्या माणसानं आम्हाला बोलावून घेतलं आणि विचारलं की इतकी शांत खोली तुम्हाला कुठं मिळाली. तिथल्या माइकनं माझा आवाज पहिल्याच झटक्यात घेतला. पुढे थोडीफार गाणी गायले, काहींवर नावही छापलं नाही, पण गायले. काही वर्षांनी आम्ही स्वतःचं यंत्र घेतलं, त्याच दालनात बसून गायले, आणि आवाज अगदी व्यवस्थित आला. मित्राच्या यंत्रानंही पुढे कधी त्रास दिला नाही.

हे लोकांना सांगायचे की लूज कॉन्टॅक्ट होता. असेल. पण लूज कॉन्टॅक्ट असलेला माइक दोन बंद दारांपलीकडचं ऐकतो का, असं विचारलं की ते गिटारच्या तारा पुसायला घ्यायचे. मामींना मी एकदा विचारलं, तुम्ही त्या खोलीत काय गायचात? त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा याच्याशी काही संबंध होता असंही मी म्हणणार नाही. त्या तेव्हा धडधाकट जिवंत होत्या, अंगणात उभ्या होत्या.

ही हकीकत ऐकून जो तो आपापलं कारण पुढे करतो. ऐकून घेते. एकच गोष्ट मात्र मी ऐकून घेत नाही... तो आवाज तुमचा नव्हताच, दुसऱ्याच कुणाचा तरी होता, असं सांगणारे भेटतात. त्यांना सांगते, त्या पहिल्या टेपवर तिसऱ्या कडव्यात मी एक शब्द चुकले आहे. रागाच्या भरात 'वाट' म्हणायच्या जागी 'लाट' म्हटलं, तसंच पुढे रेटलं. तो चुकलेला शब्द टेपवर आहे. चूक माझी आणि आवाजही माझाच. तो तिथवर कसा पोचला, ते मला आजही ठाऊक नाही.